जुन्या डेस्कटॉपला कोणतं ग्राफिक्स कार्ड चालेल?

ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलं की दुकानदार आधी बजेट विचारतो आणि त्यात बसेल ते मोठ्यात मोठं कार्ड काउंटरवर ठेवतो. घरी आल्यावर कळतं की कार्डाला आठ पिनांची वायर लागते आणि आपल्या मशीनमध्ये तशी वायरच नाही. किंवा कार्ड कॅबिनेटपेक्षा दोन इंच लांब निघतं. किंवा सगळं नीट बसतं, गेम सुरू होतो आणि दहाव्या मिनिटाला मशीन फटकन बंद पडतं. बहुतेक वेळा कार्डात खोट नसते. ते त्या मशीनसाठी नसतं, एवढंच.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा करायचा. आधी मशीन उघडायचं, ते काय पेलू शकतं ते बघायचं आणि कागदावर चार गोष्टी लिहून घ्यायच्या: एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बारा व्होल्टवर किती वॅट देतो, ग्राफिक्ससाठी कोणत्या वायरी मोकळ्या आहेत, कार्डासाठी किती लांब-रुंद-उंच जागा आहे आणि कार्ड ज्या खाचेत बसतं तो स्लॉट कोणत्या पिढीचा, किती लेनचा आहे (लेनचा अर्थ पुढे येतो). हा कागद हातात असला की शंभर कार्डांतली नव्वद आपोआप गळतात. (घरात आपण ज्या पेटीला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो, तिला इथे कॅबिनेट म्हटलं आहे. सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर.)

एसएमपीएसचं लेबल वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात आणि कधी कधी मदरबोर्डही इथूनच जळतो.

कॅबिनेटची डावी बाजू उघडली की वर किंवा खाली पंखा असलेला पत्र्याचा डबा दिसतो, तो एसएमपीएस. त्याच्या अंगावर तक्ता छापलेला असतो. मोठ्या अक्षरात ‘४५०’ लिहिलेलं असेल, त्याकडे तूर्त बघू नका. तक्त्यात +३.३ व्होल्ट, +५ व्होल्ट, +१२ व्होल्ट अशा रकान्यांखाली अँपिअरचे आकडे असतात. त्यातला +१२ चा आकडा घ्या आणि बाराने गुणा. समजा तिथे १६ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज बारा व्होल्टवरूनच घेतात, त्यामुळे बाहेरून ४५० वॅटचा दिसणारा हा डबा तुमच्या कामापुरता १९२ वॅटचाच आहे. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत पडून असतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मशीनना त्यांचा उपयोग होता, आताच्या मशीनला तो जवळपास नाही. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर बारा व्होल्टला ३४ ते ३७ अँपिअर, म्हणजे चारशे वॅटच्या वर दिसायला हवेत. काही लेबलांवर +१२व्ही१ आणि +१२व्ही२ असे दोन रकाने असतात. त्यांची सरळ बेरीज करू नका. खाली दोन्हींचे मिळून कमाल वॅट दिलेले असतात, तोच आकडा खरा.

‘८० प्लस’चा शिक्का म्हणजे दर्जाची हमी नव्हे. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती मशीनला मिळते आणि किती उष्णतेत जाते, एवढंच तो सांगतो. जास्त भार आल्यावर किंवा शॉर्ट झाल्यावर एसएमपीएस स्वतःला वेळेत बंद करतो की नाही, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, हातात घेतल्यावर हलका वाटणारा, ग्राफिक्सची वायर नसलेला एसएमपीएस असेल तर कार्डाच्या बजेटातून आधी एसएमपीएसचे पैसे बाजूला काढा. यात तडजोड करू नका.

आता भाराचा हिशोब. कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट, बाकीची वायरीने. सहा पिनांच्या वायरीतून ७५, आठ पिनांच्या वायरीतून १५०. अलीकडच्या मोठ्या कार्डांना सोळा पिनांचा प्लग असतो, तो ६०० वॅटपर्यंत जातो. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०६० या कार्डाला ११५ वॅट लागतात, म्हणजे स्लॉट पुरत नाही, एक आठ पिनांची वायर हवी. सोबत इंटेलचा कोअर आय५-१२४०० प्रोसेसर असेल तर तो पूर्ण भारावर ११७ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास धरा. बेरीज २८२. चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस हे आरामात ओढतो. तरी एनव्हीडिया या कार्डासाठी ५५० वॅटची शिफारस करते, कारण तुमचा प्रोसेसर कोणता आणि एसएमपीएस किती खरा, हे कंपनीला माहीत नसतं. शिवाय कार्ड क्षणभरासाठी छापील आकड्यापेक्षा बरंच जास्त ओढतं. हा क्षण मिलिसेकंदांचा असतो, पण कमकुवत एसएमपीएस नेमका तेव्हाच मान टाकतो. म्हणून बेरजेवर निदान तीस-चाळीस टक्के मोकळीक ठेवा.

वायर नाही म्हणून दुकानदार जोडणी देऊ करतो: हार्ड डिस्कचा साटा प्लग एका टोकाला आणि ग्राफिक्सचा सहा किंवा आठ पिनांचा प्लग दुसऱ्या टोकाला. ही घेऊ नका. साटाच्या प्लगमध्ये बारा व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. त्यातून दीडशे वॅट ओढले की प्लास्टिक वितळतं आणि तिथून आग लागू शकते. आणखी एक घातक चूक म्हणजे सुट्या वायरींच्या, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएसमध्ये दुसऱ्याच एसएमपीएसची वायर लावणं. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक आणि कधी मॉडेलगणिक बदलते. प्लग बसतो, आणि बारा व्होल्ट भलत्याच पिनेत जातात. तसंच प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग चार अधिक चार असा फुटतो आणि ग्राफिक्सचा सहा अधिक दोन असा. त्यांची धन-ऋण मांडणी उलट असते. बळ लावावं लागतंय असं वाटलं की थांबा, वायर चुकलेली आहे.

घरी यूपीएस असेल तर तोही हिशोबात घ्या. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. मॉनिटरसकट भार त्याजवळ गेला तर वीज गेल्यावर फाइल सेव्ह करण्याइतकाही वेळ मिळणार नाही.

ऑफिसमधून निघालेली तयार मशीन

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या कॉर्पोरेट मशीन स्वस्तात मिळतात आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी त्या खूप घेतल्या जातात. मशीन टिकाऊ असतात. कार्ड लावायच्या वेळी मात्र त्यांचे नियम वेगळे पडतात.

डेल ऑप्टिप्लेक्स ७०५० चं उदाहरण घेऊ. टॉवर प्रकारात २४० वॅटचा एसएमपीएस येतो, छोट्या ‘स्मॉल फॉर्म फॅक्टर’ प्रकारात १८० वॅटचा. २४० हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, हे वॅट खरे असतात. आत आय५-७५०० आहे, त्याची मर्यादा ६५ वॅट. बाकीच्या भागांना पस्तीस-चाळीस. म्हणजे शंभराच्या आसपास गेले आणि टॉवरमध्ये सव्वाशे-दीडशे उरले. पण या एसएमपीएसला ग्राफिक्सची वेगळी वायर नसते, त्यामुळे ते उरलेले वॅट कार्डापर्यंत नेण्याची वाट एकच, स्लॉट. आपली मर्यादा ठरली: ७५ वॅट.

‘एसएमपीएसच बदलू’ हा विचार इथे सहज जमत नाही. बाजारातल्या एसएमपीएसला मदरबोर्डसाठी २४ पिनांचा प्लग असतो, या मशीनवर डेलचा स्वतःचा लहान प्लग आहे. जोडणीची वायर मिळते, पण तुमच्या नेमक्या मॉडेलची आहे याची खात्री करूनच घ्यावी. टॉवरमध्ये असा बदल करता येतो. छोट्या प्रकारात साधा एसएमपीएस आकारानेच बसत नाही. एचपी आणि लेनोवोच्या ऑफिस मशीनमध्येही प्लग आणि डब्याचा आकार त्यांचा त्यांचा असतो.

छोट्या कॅबिनेटमध्ये कार्डाची उंचीही अर्धी लागते. कार्डाची मागची पट्टी साधारण बारा सेंटिमीटरची असते, अर्ध्या उंचीच्या म्हणजे लो-प्रोफाइल कार्डाची सुमारे आठ. बऱ्याच कार्डांसोबत दोन्ही पट्ट्या येतात. जुनं कार्ड घेताना ती छोटी पट्टी विक्रेत्याकडून मागून घ्या, नंतर शोधून मिळत नाही. आणि ‘लो-प्रोफाइल’ म्हणजे ‘वायर लागत नाही’ असं समजू नका. आरटीएक्स ४०६० अर्ध्या उंचीतही मिळतं, पण आठ पिनांची वायर त्यालाही लागतेच. काही छोट्या मशीनमध्ये स्लॉटला पूर्ण ७५ वॅट दिलेलेही नसतात, तेवढं मॉडेलच्या तांत्रिक पुस्तिकेत बघून घ्या.

वायरीशिवाय चालणाऱ्या कार्डांत आज तीन-चार नावं कामाची आहेत. आरटीएक्स ३०५० हे नाव दोन वेगळ्या कार्डांना आहे. ८ जीबीचं १३० वॅटचं, त्याला वायर लागते. ६ जीबीचं ७० वॅटचं, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं आणि फक्त स्लॉटवर चालतं. ऑफिस मशीनसाठी पहिली पसंती या ६ जीबीवाल्याला. बिलावर ‘३०५०’ एवढंच लिहिलं असेल तर ‘६ जीबी’ असं लिहून घ्या. जीटीएक्स १६५० हे ७५ वॅटचं कार्ड अजून चालण्यासारखं आहे, मात्र त्याच्या जीडीडीआर६ मेमरीच्या बऱ्याच मॉडेलना सहा पिनांची वायर लागते. एएमडीचं आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं, १८० वॅटच्या मशीनला ते सोयीचं वाटतं, पण त्याची अडचण पुढे स्लॉटच्या भागात येते. इंटेलचं आर्क ए३८० कागदावर ७५ वॅटचं आहे. ते ७०५० सारख्या मशीनला घेऊ नये. आर्क कार्डांना मदरबोर्डमध्ये ‘रिसायझेबल बार’ ही सोय, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, चालू असावी लागते, ती नसली तर वेग फारच पडतो. इंटेल स्वतः दहाव्या पिढीचा कोअर किंवा एएमडीच्या रायझन ३००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर मागतं.

स्लॉट लांब दिसतो, लेन किती?

कार्ड ज्यात बसतं तो पीसीआयई स्लॉट. नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये आणि जुनं कार्ड नव्या स्लॉटमध्ये चालतं, दोघांतला कमी वेग लागू होतो. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. लेनचं गणित मात्र राहून जातं.

लेन म्हणजे रस्त्याच्या मार्गिका. तिसऱ्या पिढीत एका लेनवरून सेकंदाला सुमारे १ जीबी माहिती जाते, चौथ्या पिढीत २, दुसऱ्या पिढीत अर्धा. पूर्ण स्लॉट सोळा लेनचा. पण कंपन्या खर्च वाचवायला लहान कार्डांत सगळ्या लेन जोडत नाहीत. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० आठच लेन वापरतात. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी फक्त चार. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर या चार लेन सेकंदाला ८ जीबी नेतात, काम भागतं. ७०५० चा स्लॉट तिसऱ्या पिढीचा, तिथे त्याच चार लेन ४ जीबीच नेतात. दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरच्या एच६१ मदरबोर्डवर तर २ जीबी.

याचा फटका कधी बसतो? कार्डाची स्वतःची मेमरी भरली की जास्तीची चित्रं आणि पोत रॅममध्ये ठेवले जातात आणि दर वेळी याच रस्त्याने आणावे लागतात. आरएक्स ६४०० ची मेमरी ४ जीबीच आहे, आताच्या गेममध्ये ती पटकन भरते. त्या क्षणी चित्र अडखळायला लागतं, सरासरी वेग ठीक दाखवत असला तरी. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोड करायची, म्हणजे दाबून लहान करायची चिपच नाही. स्क्रीन रेकॉर्ड करायची, लाइव्ह प्रक्षेपण करायचं किंवा व्हिडिओ एडिट करायचे तर ते घेऊ नका.

मदरबोर्डवर दोन लांब स्लॉट असतील तर प्रोसेसरच्या जवळचा सहसा सोळा लेनचा आणि खालचा दिसायला तसाच, पण आत चारच लेन जोडलेला असतो. कार्ड वरच्यात लावा. छोट्या ऑफिस मशीनमध्ये कधी हा मुख्य स्लॉट एसएमपीएसला इतका खेटून असतो की दोन स्लॉट जाडीचं कार्ड तिथे शिरत नाही. मग एका स्लॉटच्या जाडीचं कार्डच शोधावं लागतं.

रायझनच्या ‘जी’ प्रोसेसरवाल्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. ‘आत्ता ग्राफिक्स आतलंच वापरू, कार्ड पुढे घेऊ’ म्हणून हे प्रोसेसर खूप विकले गेले. ३२०० जी आणि ३४०० जी हे प्रोसेसर कार्डाला तिसऱ्या पिढीच्या आठच लेन देतात. ५६०० जी सोळा देतो, पण त्याही तिसऱ्याच पिढीच्या, मदरबोर्ड चौथ्या पिढीचा असला तरी. आणि ८५०० जी नवा असूनही कार्डासाठी चारच लेन ठेवतो. ५६०० जी वर आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० आठ लेन घेऊन व्यवस्थित चालतं, काळजीचं कारण नाही.

टेप घेऊन मोजा

कॅबिनेटच्या मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूपासून समोरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंत टेप लावा. अडथळा म्हणजे पुढचा पंखा किंवा हार्ड डिस्कचा पिंजरा. आलेल्या आकड्यातून एक सेंटिमीटर वजा करा, कारण कार्ड तिरकं करून आत घालावं लागतं. एकाच आरटीएक्स ४०६० ची लांबी कंपनीनुसार सतरा-अठरा सेंटिमीटरपासून तीस सेंटिमीटरपर्यंत असते. चिप तीच असते, पंखे एकाचे तीन होतात. जाडी स्लॉटमध्ये मोजतात, एक स्लॉट म्हणजे सुमारे २० मिलिमीटर. अडीच स्लॉटचं कार्ड जागा मात्र तीन स्लॉटची अडवतं. वायरीचा प्लग कार्डाच्या वरच्या कडेला असतो. तिथे कार्ड आणि कॅबिनेटच्या दारामध्ये तीन-चार सेंटिमीटर सोडा, नाहीतर वायर प्लगपाशीच मुडपते. सोळा पिनांच्या प्लगला हे अजिबात चालत नाही, अर्धवट बसलेली किंवा तोंडाशीच वाकवलेली वायर तापून वितळू शकते.

प्रोसेसर, रॅम आणि मॉनिटर

‘बॉटलनेक’ या शब्दाचा बाऊ फार होतो. कार्ड आणि प्रोसेसर यांत कोणीतरी मागे राहणारच. प्रश्न एवढाच की मागे राहणारा किती मागे राहतो. सध्या एखादं कार्ड असेल तर घरीच तपासा: गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. सेकंदाला पडणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं, वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं, नवं घेण्यात अर्थ आहे. आकडा जिथल्या तिथेच राहिला तर अडखळतोय तो प्रोसेसर, आणि महागडं कार्ड घेऊनही तो आकडा हलणार नाही. आय५-७५०० ला चार कोअर, चार थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी तो चारच कामं हाताळतो. नव्या मोठ्या गेममध्ये चारही कोअर शंभर टक्क्यांवर जाऊन झटके बसतात. त्याला ३०५० किंवा १६५० च्या वरचं कार्ड लावून फारसं हाती लागत नाही. तिसऱ्या पिढीच्या आणि त्याआधीच्या कोअर प्रोसेसरमध्ये ‘एव्हीएक्स२’ नावाच्या सूचना, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या काही आज्ञा, नाहीत. काही नवे गेम त्यावर सुरूच होत नाहीत, कार्ड कोणतंही असो.

रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असेल तर कार्डाआधी तशीच दुसरी पट्टी घ्या. दोन पट्ट्यांनी रॅमची वाट दुप्पट रुंद होते आणि झटके कमी होतात. इतक्या थोड्या पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

मॉनिटरचा निळा व्हीजीए प्लग अजून पुष्कळ घरांत आहे. जीटीएक्स १००० मालिकेपासून एनव्हीडियाच्या कार्डांतून जुना ॲनालॉग सिग्नल गेला. साधी पिनांची अदलाबदल करणारी जोडणी चालत नाही, आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल तर सेकंदाला १४० फ्रेम देणाऱ्या कार्डाचे निम्मे पैसे पडद्यावर दिसतच नाहीत. ते मॉनिटरला वळवा.

वायर देता येत असेल तर

चांगला एसएमपीएस आणि सहा किंवा जास्त कोअरचा प्रोसेसर असेल तर १०८० रिझोल्यूशनसाठी १३२ वॅटचं आरएक्स ६६०० आणि ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६० ही बसवायला सगळ्यात बिनकटकटीची कार्डं. १४५ वॅटचं आरटीएक्स ५०६० हे ४०६० च्या पुढचं, त्यालाही आठच लेन. तिन्हींची मेमरी ८ जीबी. त्रिमितीय चित्रांचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर किंवा घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवायची असतील तर वेगापेक्षा मेमरी मोठी हवी. मॉडेल मेमरीत मावलं नाही तर ते अगदी संथ होतं किंवा चालतच नाही. तिथे १२ जीबीचं, १७० वॅटचं आरटीएक्स ३०६० अजूनही फार कामाचं आहे. ही बरीच सॉफ्टवेअर ‘कुडा’वर, म्हणजे कार्डाकडून अशी गणितं करून घेणाऱ्या एनव्हीडियाच्या प्रणालीवर आधी चालतात, म्हणून या कामांसाठी एएमडी किंवा इंटेल घेताना तुमचं सॉफ्टवेअर चालतं का ते आधी बघा. आर्क बी५८० लाही १२ जीबी मेमरी आहे, १९० वॅटचं आहे, पण रिसायझेबल बारची अट तिथेही आहेच.

वापरलेलं कार्ड घेताना

जीटीएक्स ७५० टीआय, ९०० आणि १००० मालिकेची कार्डं स्वस्त मिळतात. एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ पासून त्यांच्यासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) थांबवले आहेत. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. जीटीएक्स १६०० मालिका यात येत नाही. म्हणून १०५० टीआय आणि १६५० यांत थोडाच फरक असेल तर १६५० घ्या.

आरएक्स ५८० नावाने दोन कार्डं फिरतात. खऱ्यात २३०४ कोअर, ‘२०४८एसपी’ लिहिलेल्यात २०४८, म्हणजे खरं तर आरएक्स ५७० इतकेच. काही जुन्या कार्डांचा बायोस, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून ती १०५० टीआय म्हणून विकली जातात. पैसे देण्याआधी ‘जीपीयू-झेड’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवा, कोअर, मेमरी आणि लेनचे आकडे कंपनीच्या पानाशी ताडून बघा. नंतर विक्रेत्यासमोर फरमार्क हे कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालवा. पडद्यावर ठिपके, चौकडे किंवा रंगीत रेघा आल्या तर मेमरी गेलेली आहे, ड्रायव्हर बदलून ती सुधारणार नाही. पंखा खरखरत असेल तर तो बदलता येतो, त्यापुरती किंमत कमी करून घ्या. मूळ बिल आणि सिरीयल नंबरचं स्टिकर शाबूत आहे का बघा, वॉरंटी त्यावरच मिळते.

बसवताना, आणि बसवल्यावर

जुन्या कार्डाची कंपनी वेगळी असेल तर आधी ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर काढा. इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घालतं. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून साठलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच कार्ड धरा, तेही कडांना.

कॅबिनेटला बोट लावल्यावर एरवी झिणझिण्या येत असतील तर घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर येते, अर्थिंग नसेल तर ती तिथेच राहते आणि पत्र्यावर शंभराच्या वर व्होल्ट असू शकतात. अशा वेळी चालू मॉनिटरची एचडीएमआय वायर कार्डात खोचली तर ठिणगी पडून पोर्ट जातो. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या. तोवर मॉनिटर आणि मशीन दोन्ही भिंतीपासून सुटे असतानाच वायर जोडा.

कोकण-मुंबईच्या दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो. खोडरबरने घासायची पद्धत आहे, पण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरेसं आहे. कार्ड दोन्ही टोकांनी सारखं दाबा, स्लॉटची कडी ‘टक्’ वाजली पाहिजे. मग मागचा स्क्रू, मग वीज.

सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला तर पहिली शंका मॉनिटरच्या वायरीवर घ्या. ती सवयीने मदरबोर्डच्या पोर्टमध्ये जाते. दुसरी, कार्डाची विजेची वायर पूर्ण बसली का. तिसरी, कार्ड घालताना रॅमची पट्टी हलली का. हे सगळं ठीक असेल तर आतल्या ग्राफिक्सवर वायर लावून बायोसमध्ये जा, पहिलं ग्राफिक्स पीसीआयई करा, बूट (मशीन सुरू होण्याची पद्धत) नव्या यूईएफआयवर ठेवा, मदरबोर्डचा बायोस अद्ययावत करा. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर यूईएफआय केल्यावर ते सुरू होणार नाही. आधी बॅकअप घ्या, मग विंडोजच्याच ‘एमबीआर२जीपीटी’ साधनाने डिस्क बदला. नावात ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये, जसं आय३-१२१००एफ, आतलं ग्राफिक्सच नसतं. असा प्रोसेसर असलेल्यांनी जुनं कार्ड नवं नीट चालेपर्यंत विकू नये.

गेम रंगात आला की मशीन एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर एसएमपीएस हरतोय. पडदा काळा होऊन पंखे जोरात फिरत राहिले तर आधी विजेची वायर, मग ड्रायव्हर तपासा. मशीन चालतंय पण वेग निम्माच मिळतोय, तर जीपीयू-झेडमध्ये ‘बस इंटरफेस’ची ओळ बघा. तिथे ‘एक्स१६ ३.० @ एक्स४ १.१’ असं काही दिसेल. मशीन रिकामं असताना पिढीचा आकडा वीज वाचवायला खाली येतो, त्याने दचकू नका. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून भार द्या आणि पुन्हा बघा. पिढी वर गेली पण लेन चारच राहिल्या, आणि कार्ड सोळा किंवा आठ लेनचं असेल, तर कार्ड काढून स्लॉट साफ करा, पुन्हा दाबून बसवा आणि ते खालच्या स्लॉटमध्ये तर लावलं नाही ना ते पाहा.